उलट मताचं बिझनेस मॅगझिन कसं वाचावं

शेतकरी संघटनेचा बिल्ला लावणारा चिकोडीचा ऊस उत्पादक इंग्रजी अर्थसाप्ताहिक उघडतो. अनुदानं बंद करा, सरकारी भाव काढून टाका, कामगार कायदे सैल करा, असं तिसऱ्या पानापर्यंत वाचून अंक बाजूला ठेवतो. बेळगावच्या रविवार पेठेतला व्यापारी डाव्या विचाराचं साप्ताहिक हातात घेतो आणि 'नवउदारमतवाद' हा शब्द दिसला की तोही तेच करतो. मत पटलं नाही म्हणून मताखालची माहितीही जाते. धंद्यात आपण असं करत नाही. पार्टीशी वाद झाला तर तिचा खातेउतारा मागवतो, एकेक नोंद आपल्या वहीशी ताडून बघतो, मान्य नोंदीवर बरोबरची खूण करतो आणि उरलेल्यांवर भांडतो. उलट मताचा अंकही तसाच ताडायचा. त्याची रीत खाली दिली आहे.

कोणता अंक, किती दिवस

एकच नियतकालिक निवडा. साप्ताहिक असेल तर सलग आठ आठवडे, पाक्षिक किंवा मासिक असेल तर चार महिने. एका अंकावरून त्याची बाजू कळते, पण त्याच्या सवयी कळायला वेळ लागतो: कुठल्या विषयावर तो घाई करतो, कुठे आकडा देतो, कुठे नुसतं विशेषण देतो. तीन-चार नियतकालिकं एकदम सुरू केली तर महिनाभरात सगळी अर्धवट राहतात आणि आपल्याला पटणारं तेवढं वाचून होतं.

वर्गणी लगेच भरू नका. वाचनालयात बसून मागचे तीन-चार अंक चाळा आणि तीन गोष्टी बघा. तक्त्याखाली स्रोत छापला आहे का? मागच्या अंकातली चूक पुढच्या अंकात दुरुस्त केलेली दिसते का? वाचकांच्या पत्रांत त्याच्या मताविरुद्धची पत्रं आहेत का? तीनपैकी दोन नसतील तर तो अंक उलट मताचा आहे म्हणून नव्हे, कच्चा आहे म्हणून सोडा.

स्वतःची भूमिका न लपवणारं नियतकालिक वाचायला सोपं जातं. लंडनचं 'द इकॉनॉमिस्ट' १८४३ साली जेम्स विल्सन यांनी सुरू केलं ते मुळात धान्य आयातीवरच्या करांविरुद्धच्या मोहिमेसाठी. ते कर १८४६ साली रद्द झाले, पण खुल्या व्यापाराची बाजू साप्ताहिकाने आजवर सोडलेली नाही. त्याच विल्सनसाहेबांनी भारतात येऊन १८६० साली अर्थसंकल्प मांडला, प्राप्तिकर लावला आणि त्याच वर्षी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता नवा कर लावून गेला, हे लक्षात ठेवलं तर 'यांची मतं ठरलेलीच असतात' हा समज जरा ढिला होतो. दुसऱ्या टोकाला मुंबईचं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' आहे. सचिन चौधरी यांनी १९४९ साली 'इकॉनॉमिक वीकली' म्हणून ते सुरू केलं आणि १९६६ पासून ते आजच्या नावाने निघतं. व्यापाऱ्याने हे डाव्या बाजूचं 'वीकली' घ्यावं, संघटनेच्या कार्यकर्त्याने 'इकॉनॉमिस्ट'.

उद्योग आणि मतप्रचार एकाच अंकात असणं आपल्याकडे नवं नाही. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगराची माहिती मागणाऱ्याच्या घरात त्याच अंकातून समाजसुधारणाही शिरली. ती ज्यांना पटत नव्हती त्यांनाही नांगर तर हवाच होता.

मालक आणि लेखक आधी बघा

भारतीय नियतकालिकाचा २०२३ किंवा त्याआधीचा मार्चचा अंक मिळाला तर जरूर उघडा. १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म ४, नियम ८ पहा' अशा मथळ्याचं निवेदन छापावं लागे. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावं असतात. कोपऱ्यातली बारीक अक्षरं म्हणून कुणी वाचत नाही. खरं तर तिथूनच सुरुवात करावी. उदाहरणार्थ, 'फोर्ब्स इंडिया' प्रकाशित करणारा नेटवर्क१८ समूह २०१४ पासून रिलायन्सच्या नियंत्रणाखाली आहे. म्हणून त्यातला प्रत्येक लेख वाकडा ठरत नाही. दूरसंचार किंवा पेट्रोकेमिकलवरचा लेख असेल तर पेन्सिल जरा जास्त जागरूक ठेवायची, एवढंच.

सही असलेल्या लेखात तळाची परिचयाची ओळ आधी वाचा. वस्तू आणि सेवा करावर लिहिणारा कुठल्या सल्लागार कंपनीत आहे, कामगार संहितेवर लिहिणारा कुणाचा वकील आहे, हे कळलं की अर्धा लेख उलगडतो. 'इकॉनॉमिस्ट'मध्ये बहुतेक लेखांवर नावच नसतं, आशियावरचा स्तंभसुद्धा 'बनयन' या टोपणनावाने येतो. तिथे मत लेखकाचं न धरता घराण्याचं धरावं.

प्रायोजित पानं वेगळी काढा. 'स्पॉन्सर्ड फीचर', 'ब्रँड कनेक्ट', 'मार्केटिंग इनिशिएटिव्ह' असं वरच्या कोपऱ्यात फिक्या अक्षरात असतं. टाइप आणि रकान्यांची रुंदी बाकीच्या अंकापेक्षा थोडी वेगळी असते, बोटाने चाचपूनही कळतं. या पानांवर राजकीय चिडचिड करण्यात अर्थ नाही, ती जाहिरात आहे. पुरस्कार आणि क्रमवारीचे विशेषांक आले की त्याच अंकात विजेत्यांच्या किती जाहिराती आहेत ते मोजून ठेवावं.

मागून पुढे वाचा

अंक पहिल्या पानापासून वाचला की अग्रलेख आधी येतो, डोकं तापतं आणि पुढचं सगळं त्या तापातच वाचलं जातं. म्हणून क्रम उलटा करा. एका अंकाला पन्नास मिनिटं पुरतात.

पहिली दहा मिनिटं आकड्यांच्या पानांना. 'इकॉनॉमिस्ट'मध्ये ती शेवटाकडे असतात, बाकीच्यांत बाजाराच्या किंवा कंपन्यांच्या निकालांच्या पानांवर. तुमच्या धंद्याशी लागणारे दोन-तीन आकडे वहीत उतरवा: पोलाद, साखर, कापूस, डॉलर, व्याजदर, जे असेल ते. पुढची पाच मिनिटं वाचकांच्या पत्रांना. गेल्या अंकातल्या लेखातलं भोक दुसऱ्याने आधीच दाखवलेलं असतं, तुमचे कष्ट वाचतात. मग वीस-पंचवीस मिनिटं बातमीवजा दोन लेखांना. त्यातला एक तुमच्या ओळखीच्या विषयावरचा, दुसरा अजिबात नसलेल्या. उरलेल्या वेळात अग्रलेख. तोवर त्यातले आकडे तुम्ही आत कुठेतरी पाहिलेले असतात, आणि आतल्या लेखातलं 'परंतु', 'काही ठिकाणी', 'सुमारे' अग्रलेखात कुठे गळालं ते लगेच दिसतं. हे गळणं टिपून ठेवण्यासारखं असतं. वार्ताहराने घातलेली अट संपादकाने काढली, तर नियतकालिकाची भूमिका नेमकी तिथे उघडी पडते.

इंग्रजी अंकात एक बारीक घोटाळा नेहमी होतो. १ बिलियन म्हणजे १०० कोटी आणि १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. रुपये आहेत की डॉलर तेही बघा. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, कारण भांडताना शंभरपटीची चूक झाली की आपली बाकीची बाजूही गेली.

पेन्सिलीच्या तीन खुणा

सगळ्यात जास्त काम इथे आहे. लेख वाचताना प्रत्येक दाव्याशेजारी तीनपैकी एक अक्षर लिहा: आकडा असेल तर 'आ', कारण सांगितलं असेल तर 'का', काय करावं किंवा काय चूक आहे हे ठरवलं असेल तर 'नि', म्हणजे निवाडा. वाचनालयाचा अंक असेल तर वहीत तीन रकाने पाडा, अंकावर रेघा नकोत.

उसाचं उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिकोडी, निपाणी पट्ट्यात त्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. बाजारवादी साप्ताहिकात उसावर लेख आला की त्यात साधारण या अर्थाची चार वाक्यं सापडतात: सरकारने उसाचा दर उत्पादनखर्चाच्या दुपटीवर ठेवला आहे, साखरेचा दर मात्र बाजार ठरवतो, म्हणून कारखान्यांकडे थकबाकी साचते, ही राजकीय दरनिश्चिती बंद करावी.

पहिलं वाक्य 'आ'. ताडून बघा. २०२५-२६ हंगामाचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारी किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये आहे. सरकारने धरलेला उत्पादनखर्च १७३ रुपये. म्हणजे दर खर्चापेक्षा सुमारे १०५ टक्के जास्त, दुप्पट हा शब्द खोटा नाही. पण तो खर्च 'ए२ अधिक एफएल' या हिशोबाचा आहे. त्यात रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी धरली जाते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरणारा 'सी२' हिशोब वेगळा आणि जास्तीचा. लेखात कुठला खर्च धरला ते लिहिलं नसेल तर 'आ'शेजारी प्रश्नचिन्ह.

दुसरी गोष्ट, हा दर कारखान्याच्या गेटवरचा आहे. उतारा ११ टक्के धरला, तर १०.२५ च्या वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये म्हणजे २५.९५ रुपये वाढतात. क्विंटलला ३८०.९५, टनाला ३,८०९ रुपये ५० पैसे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती समजा टनाला ८०० रुपये असेल तर हातात ३,००९ रुपये ५० पैसे. मुंबई-दिल्लीचा लेखक पहिला आकडा लिहितो, शेतकऱ्याच्या पावतीवर दुसरा असतो, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतात. दोन्ही आकडे खरे आहेत. (उतारा ९.५ किंवा त्याखाली गेला तरी दर ३२९.०५ च्या खाली जात नाही, हेही त्याच आदेशात आहे; बहुतेक लेख ते सांगत नाहीत.)

दुसरं आणि तिसरं वाक्य 'का'. इथे वाचक सगळ्यात जास्त अन्याय करतो, कारण त्याला पुढचा निवाडा दिसत असतो. कारणाला वेगळं काढून तपासा. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि २०२५-२६ चा एफआरपी जाहीर झाला तेव्हाही तो ३१ च होता. त्याच काळात एफआरपी २७५ वरून ३५५ वर गेला, मधे मूळ उताऱ्याची अट १० वरून १०.२५ टक्के झाली. म्हणजे कच्च्या मालाचा दर वाढता आणि पक्क्या मालाचा आधारदर जाग्यावर. कारण पोकळ नाही. संघटनेच्या माणसाला हे मान्य करायला जड जातं, पण खूण बरोबरचीच करावी लागते. त्याचबरोबर लेखाने काय सोडलं तेही लिहा. प्रत्यक्ष विक्री किमान दराच्या वर होते. इथेनॉल, सहवीजनिर्मिती, मळी यांचं उत्पन्न त्या वाक्यात नाही. आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत बिल दिलं नाही तर १५ टक्के व्याज देणं बंधनकारक आहे. 'थकबाकी साचते' असं म्हटलं की ती पावसाच्या पाण्यासारखी आपोआप साचल्यासारखी वाटते, तिला देणेकरी आहे हे विसरायला होतं.

चौथं वाक्य 'नि'. आता याच आकड्यांवरून आणि याच कारणावरून दुसरे कुठले निवाडे निघतात ते लिहा, किमान दोन. २०१२ साली रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा असं सुचवलं होतं. साखरेचा किमान दर वाढवा, हा दुसरा निवाडा. उसाचा ठरलेला दर आणि कारखान्याला परवडणारा दर यांतला फरक सरकारने भरावा, हा तिसरा. साप्ताहिकाने एक निवडला तो त्याच्या राजकारणामुळे. तुम्ही वेगळा निवडाल तुमच्या राजकारणामुळे. मात्र वरच्या नोंदी आता दोघांच्याही वहीत सारख्या आहेत, आणि भांडण नेमकं कुठल्या ओळीवर आहे ते कळलं आहे.

'का' या खुणेपाशी घोटाळा झाला तर एक युक्ती: लेखातलं वाक्य 'म्हणून' किंवा 'त्यामुळे' घालून वाचा. जोडलं जात असेल तर कारण. 'पाहिजे', 'हवं', 'नको' घालावं लागत असेल तर निवाडा. काही वाक्यं निवाडा असून आकड्याचा वेष घेतात. 'अनुदानाचा असह्य बोजा' यात एकही आकडा नाही. 'असह्य' कुणाला हे विचारलं की वाक्य गप्प होतं.

सीमेवरच्या वाचकाची तागडी

शब्दांचा कल ओळखायला आपल्याकडे एक सोय आहे जी पुण्या-बेंगळुरूच्या वाचकाला नाही. निपाणीजवळचा कोगनोळी नाका ओलांडला की राज्य बदलतं, सत्ताधारी पक्ष बदलतात आणि तशाच योजना वेगळ्या नावाने भेटतात. कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये. महाराष्ट्रात २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १,५००. निपाणीच्या घरातली लेक कागलला दिलेली असेल तर एकाच कुटुंबात दोन्ही येतात.

आता अंकात दोन्हींवर काय शब्द वापरले ते शोधा. एकीला 'रेवडी' आणि दुसरीला 'थेट लाभ हस्तांतरण' असेल, एकीत 'तिजोरीवर भार' आणि दुसरीत 'महिलांच्या हाती पैसा' असेल, तर नियतकालिकाची बाजू सापडली. दोन्हींना एकच शब्द असेल, मग तो तुम्हाला न आवडणारा का असेना, तर ते निदान सरळ तोलतं. लगेच तीच तागडी स्वतःला लावा: गेल्या महिन्यात कट्ट्यावर बोलताना तुम्ही कुठल्या योजनेला काय म्हणालात? ही तपासणी बहुतेक जण टाळतात.

हीच रीत उद्योगांना लावता येते. २०२० पासूनच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनांत १४ क्षेत्रांसाठी सुमारे १.९७ लाख कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्याला 'प्रोत्साहन' म्हणतात. खताला मात्र 'अनुदान'. २०१९ चा कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला ती 'सुधारणा'. डाव्या नियतकालिकात हीच 'खैरात' होते. शब्द खोडून जागी 'सरकारने सोडलेले किंवा दिलेले पैसे' एवढंच लिहा आणि वाक्य पुन्हा वाचा. तीच गोष्ट 'लवचिकता' या शब्दाची. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कामगार कपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. एका बाजूचं नियतकालिक याला लवचिकता म्हणेल, दुसऱ्या बाजूचं कामगारांचं संरक्षण गेलं म्हणेल. तुम्ही वहीत '१०० ते ३००' लिहा. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींत किती कारखाने त्या पट्ट्यात येतात याचा अंदाज तुम्हाला संपादकापेक्षा चांगला असतो.

एक इशारा. अंकात 'बेळगावी' छापलेलं बघून काही जण तिथेच अंक मिटतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते अधिकृत नाव आहे आणि बहुतेक नियतकालिकं अधिकृत नाव वापरतात. भाषेचं दुखणं आपल्या जागी खरं आहे, पण फौंड्रीवरच्या लेखाचा दर्जा त्या स्पेलिंगवरून ठरत नाही.

वाढीचा आकडा कुठून मोजला

एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढल्याची बातमी आली. सरकारच्या बाजूच्या अंकांनी 'विक्रमी झेप' म्हटलं. आधीच्या वर्षी त्याच तिमाहीत, टाळेबंदीत, २४.४ टक्के घट झाली होती. हिशोब साधा आहे: १०० चे ७५.६ झाले, त्यात २०.१ टक्के मिळवले की ९०.८. म्हणजे विक्रमी वाढीनंतरही दोन वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ९ टक्के कमीच. विरोधी बाजूच्या अंकांनी हे दुसरं वाक्य मथळ्यात घेतलं. कुणीही खोटं बोललं नाही.

म्हणून टक्केवारी दिसली की तीन प्रश्न: कशाच्या तुलनेत, महागाई वजा करून की धरून, आणि एकूण की माणशी. देशाची अर्थव्यवस्था जगात कितवी हे सांगणारा अंक दरडोई उत्पन्नाचा क्रमांक सहसा वेगळ्या पानावर देतो, किंवा देतच नाही. आलेखात उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का तेही बघा. नसेल तर दोन टक्क्यांचा फरक डोंगरासारखा दिसतो.

आपल्या धंद्याचा लेख म्हणजे गजकाठी

आठ आठवड्यांत एकदा तरी तुमच्या ओळखीचा विषय येतो: कास्टिंग, हायड्रॉलिक्स, यंत्रमाग, तंबाखू, काजू, साखर. त्या लेखात नुसत्या चुका मोजा. नाव, प्रक्रिया, दर, तारीख यांत तीनपेक्षा जास्त चुका सापडल्या तर अनोळखी विषयावरच्या लेखांनाही तेवढाच बट्टा लावा, तुमच्या मताचे असले तरी. आपण नेहमी उलट करतो: ओळखीच्या विषयावर चूक सापडली की हसतो आणि पान उलटून परराष्ट्र धोरणावरचं तेच नियतकालिक विश्वासाने वाचतो.

समजा लेख ४५ दिवसांच्या देयकांवर आहे. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकरातलं ४३बी(एच) कलम आलं: सूक्ष्म किंवा लघू उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा करता येतो. बाजारवादी अंक म्हणतो, नियम छोट्यांवरच उलटला, मोठे खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे किंवा मध्यम उद्योगांकडे वळले. तुम्हाला ही मालकधार्जिणी ओरड वाटेल. पण हे 'का' आहे आणि ते तुम्ही घरबसल्या तपासू शकता. कलम येण्याआधीच्या आणि नंतरच्या बारा महिन्यांची खतावणी काढा. कुठल्या पार्टीने तुमच्या 'उद्यम' नोंदणीबद्दल, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी केलेल्या नोंदणीबद्दल, विचारलं? कुणाची ऑर्डर घटली? कुणाचं पेमेंट ९० दिवसांवरून ४५ वर आलं? दहा खात्यांत उत्तर दिसेल. ते साप्ताहिकाच्या बाजूने निघालं तर तसं लिहा, उलट निघालं तर तुमच्याकडे संपादकाकडे नसलेला पुरावा आहे.

काय बिघडतं

सगळ्यात मोठं बिघडणं फोनवर होतं. चिडवणाऱ्या परिच्छेदाचा स्क्रीनशॉट काढून गटात टाकला की वाचन तिथेच संपतं, पुढच्या परिच्छेदातली अट कुणी वाचत नाही. टाकायचाच असेल तर पूर्ण लेख वाचून झाल्यावर, तारखेसह.

दुसरं, पटणारे तुकडे गोळा करणं. निर्यातबंदीविरुद्ध बाजारवादी अंक लिहितो तेव्हा कांदा उत्पादक टाळ्या वाजवतो. साखरेवरच्या १०० टक्के आयात करावर तोच अंक लिहितो तेव्हा ऊस उत्पादक शिव्या देतो. तत्त्व एकच आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवून कुठल्याला काय म्हणालात ते बघा. १९८१ च्या निपाणीतल्या तंबाखू आंदोलनाचं नेतृत्व करणारे शरद जोशी पुढे खुल्या बाजाराची बाजू उघडपणे मांडत राहिले. शेतकरी म्हणजे डावा आणि बाजार म्हणजे उजवा, ही चौकट इथल्या मातीतच टिकलेली नाही.

तिसरं याच्या नेमकं उलटं. चांगलं लिहिलेलं सारखं वाचलं की आपली भाषा बदलते. तीन महिन्यांनी 'सुधारणा', 'कार्यक्षमता' किंवा दुसऱ्या बाजूने 'भांडवली हितसंबंध' हे शब्द तुमच्या तोंडी सहज येऊ लागले, तर मत पुराव्याने बदललं की शैलीने, ते वहीत शोधा. ज्या पानावर बदललं त्या पानावर 'आ' किंवा 'का'ची खूण असली पाहिजे. फक्त 'नि' असेल तर शैलीने नेलं.

जोडीने वाचणं आणि पत्र

वेगळ्या मताच्या एका माणसासोबत वाचलं तर काम निम्म्यावर येतं. दोघांनी वेगवेगळं वाचून खुणा करायच्या आणि मग फक्त खुणा ताडायच्या. एकाच वाक्यावर एकाने 'आ' आणि दुसऱ्याने 'नि' लिहिलं असेल तर तेवढ्यावरच बोला. चारपेक्षा जास्त माणसं नकोत, सभा होते.

चूक सापडली तर संपादकाला पत्र लिहा. साप्ताहिकाला अंक आल्यापासून तीन-चार दिवसांत, उशिरा गेलेलं पत्र छापत नाहीत. दीडशे शब्द. पहिल्या वाक्यात लेखाचं शीर्षक आणि अंकाची तारीख, दुसऱ्यात तुमचा एकच मुद्दा, तिसऱ्यात आकडा आणि तो कुठून घेतला ते. पक्ष, सरकार, सीमाप्रश्न यांचा उल्लेख नको, तो आला की पत्र मतांच्या ढिगात जातं. आधी मराठीत लिहा, मुद्दा बसला की इंग्रजी करा, आणि शेवटी गाव व धंदा टाका: उद्यमबागेतला मशीन शॉपवाला किंवा अथणीचा ऊस उत्पादक आपल्या धंद्यातल्या आकड्यावर लिहितो तेव्हा संपादक ते पत्र जरा थांबून वाचतो.